चष्म्याशिवाय दिसणारं घड्याळ

मंडळी, आमची बायको बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली. म्हणून आज तिला घेऊन कपड्यांच्या एका ब्रँडचं, पाण्यात चालणारं डायव्हर घड्याळ बघायला गेलो. सोबत घड्याळ दुरुस्त करणारा मित्र महादेव.

त्यानं उलटसुलट करून पाहिलं. "चावी स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसते, पाणी जाणार न्हाय. पण मशीन साधंच, अन् नावाचे पैसे लई लावलेत. माझं ऐकशील तर नको घेऊ."

मी नको म्हणणार, तेवढ्यात बायकोनं ते मनगटावर बांधलं आणि चष्मा काढला.

"पाण्यात चष्मा नसतो माझ्याकडे. याचे काटे मला स्पष्ट दिसतात. दुकानातल्या बाकीच्या घड्याळांचे दिसले नाहीत."

महादेव म्हणाला, "मग घ्या की, वैनी."

घेतलं. संध्याकाळी तलावातून तिनं मला वेळ सांगितली, अगदी बरोबर.

तुम्ही घड्याळात आधी काय बघता?