रायफलीवरची नवी झिलई

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून उतरलेलं नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं. कारण त्यात एका निर्दोष बाईला आत टाकायला मी जवळजवळ तयार झालो होतो.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. साखरा गावाच्या बाजूच्या माळावर एक काळवीट मेलेलं सापडलं. कुत्र्यांनी फाडलेलं, गोळी आरपार गेलेली. नेमकं कधी मेलं हे कुणाला सांगता येईना. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला: "तांड्यावरल्या बाईनं मारलं. नवऱ्यामागं परवाना तिच्या नावावर झालाय. बंदूक नुकतीच काळी करून आणली तिनं, पुरावा पुसला."

माझे हवालदार लगेच म्हणाले, "साहेब, तांडा आहे. शिकार यांच्या रक्तातच असते." असली वाक्यं आपल्या ठाण्यांमधून राजरोस बोलली जातात. कष्ट करून खाणारी अख्खी वस्ती एका वाक्यात गुन्हेगार ठरते, आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही. मलाही त्या दिवशी वाटली नाही, हेही लिहून ठेवतो. अटकेचे कागद मी तयार करायला सांगितले होते.

बाई रायफल घेऊन स्वतःच आल्या. पन्नाशीच्या, शिवणकाम आणि चार एकर शेती करणाऱ्या. जंगलाला लागून भुईमूग. डुकरं आली की हवेत एक बार काढायचा, एवढाच त्या जुन्या रायफलीचा उपयोग. परवाना गेला तर पीक गेलं, आणि त्या तुरुंगात गेल्या तर राखणीला माणूसच नव्हतं.

"मावशी, झिलई नवी का केली?"

"गंजली म्हून केली."

"तुम्ही तेल लावत नसाल."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच आरोपी. "मशीनचं तेल लावते. खोबरेल न्हाई लावत, ते चिकटतं. बोट लागलं की पुसून घेते, घामानं डाग पडतो. कव्हरात तर ठेवतच न्हाई, दमट राहतं आत."

"मग गंजली कशी?"

"ते मला काहून इचारता सायेब? इलेक्शनला समद्यांच्या बंदुका जमा करता, तवा दोन महिने तुमच्याकडंच होती की. आणून आठ दिस पुसलं, गंज निघंना. मंग नांदेडच्या कारागिराकडं नेली."

हवालदारांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

"कारागीर म्हणाला, आरशावानी चकचकीत करून देतो," बाई सांगत राहिल्या. "म्या म्हणलं, नगं. तेवढी घासली तर नंबर झिजंल, आन् नंबर पुसला म्हून तुमीच मला धराल. मंद निळी-काळी कर म्हणलं, गंजाचे खड्डे ऱ्हाऊ दे."

मी रायफल उन्हात नेली. नंबराचा एकेक आकडा ठसठशीत होता. पुरावा पुसणारा माणूस नंबर जपत नाही. मग नळीवरून नख फिरवलं. निळ्या-काळ्या झिलईखाली दोन ठिकाणी बारीक खड्ड्यांचं कडं लागलं: एक टोकापासून चार बोटांवर, दुसरं दस्त्याच्या लाकडाच्या अलीकडं. झिलई गंजाचा रंग झाकते, खड्डा भरत नाही.

मी मुद्देमाल खोली उघडायला लावली. निवडणुकीत जमा झालेल्या तीन बंदुका मालकांनी अजून नेल्या नव्हत्या. तिन्हींना सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, दोन-दोन ठिकाणी. मी सुतळ्या कापल्या. खाली गंजाची कडी. चार बोटांवर एक, लाकडाच्या अलीकडं एक.

"सुतळी कुणी बांधली?"

"मीच, साहेब," हवालदार हळूच म्हणाले. "पंधरा वर्षं अशीच बांधतोय. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, ती सुतळीत मुरत असणार."

फोनच्या नंबरावरून माग काढला, तर फोन करणारा निघाला बाईंच्या बांधाशेजारचा शेतकरी. त्याला समोर बसवलं. तासभर त्यानं डोळ्यांनी पाहिल्याच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी म्हणाला, "ही बार काढती आन् तिच्या रानातली डुकरं उठून माझ्या रानात येऊन राहिली. मी काय करू?"

"तूबी परवान्याचा अर्ज कर की," बाई दारातून म्हणाल्या. "मला फासावर चढवून डुकरं जात्यात व्हय?"

अटकेचे कागद मी फाडले. अहवालात लिहिलं की झिलई बदलण्याचं कारण आमच्या ठाण्यातला गंज आहे. वरिष्ठ म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. मी लिहिलं. खुलासा द्यावा लागला, तो दिला. काळवीट कुणी मारलं ते मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही. तपास अर्धाच राहिला, तो पूर्ण झाल्याचा आव मी आणणार नाही.

पण पुढच्या निवडणुकीला सुतळी बंद झाली. बंदुका ओल येणाऱ्या भिंतीपासून हलवल्या, दर पंधरा दिवसांनी तेल सुरू झालं. पहिल्या दिवशी बाईंना मुद्दाम बोलावलं. त्यांनी दोन महिला शिपायांना फडकं कसं धरायचं, बोट कुठं लावायचं नाही, हे करून दाखवलं. मागं उभ्या हवालदारांना म्हणाल्या, "तुमी बी या भाऊ पुढं. लाजू नका." हवालदार पुढं आले, आणि मन लावून शिकले.

एवढं या नोकरीत शिकलो: संशय वस्तीवर घ्यायच्या आधी पोलिसानं स्वतःची खोली उघडून पाहावी. आणि चूक सापडली की ती लिहावी, कारण लिहिलेली चूकच सुधारते. त्या निवडणुकीला बाईंची रायफल जशी जमा झाली तशीच परत गेली. सही करण्याआधी त्यांनी नळीवरून दोनदा नख फिरवलं, आणि मी शांतपणे वाट पाहिली.