नानासोच्या डब्यातला करंट

आमच्या वस्तीवर काहीही बिघडलं की लोक आधी नानासोला हाक मारत आणि त्याच्याकडून जमलं नाही तरच वडूजच्या दुकानात जात. फौजेत सिग्नलमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. हवालदार होऊन घरी परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पक्कड-पान्हे जास्त होते. मी त्याचा शाळेपासूनचा सोबती. वडूजला स्टँडसमोर माझं कापडाचं दुकान आहे आणि खरं सांगायचं तर उघडी वायर बघितली तरी मला घाम फुटतो. म्हणून यातलं विजेचं जे काही आहे ते त्यानंच मला समजावलेलं. बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं, पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

माणूस हेकट. बायको लवकर गेली, सोनिया ही एकच मुलगी, तिला त्यानं डिप्लोमापर्यंत शिकवलं. साताऱ्याच्या एका इंजिनिअरनं तिला घरबसल्या घरांचे नकाशे काढायचं काम दिलं आणि त्यासाठी दमदार कॉम्प्युटर हवा झाला. दुकानदार तयार मशीन द्यायला बसला होता. पण नानासो कुठला ऐकतो?

"तयार डबा घ्यायचा आन बिघडला की साताऱ्याला पळायचं, व्हय? सुटे भाग आणू. म्या जोडतो," तो म्हणाला.

घोंगडं पसरून त्यावर सगळे भाग मांडले, सोनियानं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि बापलेक जोडायला बसले. सगळं जोडून बटण दाबलं, तर पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी म्हणालो, दे दुकानदाराच्या तोंडावर फेकून. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप चहा प्यायलो.

त्याचा एक फौजी नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जैसे थे ठेवायचं. सगळं उचकटायला बसलं की दोष सापडत नाही, फक्त हलतो. या नियमानं तो एकेक करत गेला आणि त्याला सापडलं की मदरबोर्डच्या खाली एक पितळी पाय जास्तीचा बसलाय आणि तो पाठीमागून बोर्डाला टेकतोय. तो काढला, पंखा गरगर फिरला, पण पडदा काळाच. मग रॅमची पट्टी काढून पुसली आणि खटका वाजेपर्यंत दाबून बसवली. पडद्यावर उजेड आला तेव्हा शेजारून बयाकाकी साखर घेऊन आली आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली.

बयाकाकी म्हणजे नानासोची चुलती. त्याची आई तो रांगत असताना गेली, तेव्हा मेंढरांमागं हिंडता हिंडता एका खांद्यावर स्वतःचा भाऊसो आणि दुसऱ्या खांद्यावर नानासो, असं तिनं दोघांना वाढवलं. आता भाऊसोचं घर आणि नानासोचं घर शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त एक बोळ. त्या बोळात दोन्ही घरांच्या अर्थिंगचा लोखंडी पाइप पुरलेला. घरं बांधताना दोघा भावांनी खर्च नको म्हणून एकच खड्डा काढला होता.

चैत्र सरत आला आणि सोनिया म्हणाली, "आप्पा, डब्याला हात लावला की मुंग्या येत्यात."

नानासोनं उलटा हात लावून पाहिला. खरंच येत होत्या. त्या दिवसापासून तो हसायचा बंद झाला. फौजेत एका जनरेटरला टेकून जागीच गेलेला जवान त्यानं पाहिला होता. पोरगी दिवसभर फरशीवर अनवाणी पाय टेकून त्या लोखंडी डब्याशेजारी बसायची. आज मुंग्या आहेत, उद्या काय असेल, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्यानं डब्यातला सप्लाय बदलला. मुंग्या तशाच. मग वायर आणि पाठोपाठ भिंतीतलं सॉकेट बदललं, तरी तशाच. सोनियाला रबरी चप्पल घालायला लावली, पायाखाली फळी दिली. वर अर्थिंग पक्कं असावं म्हणून बोअरच्या लोखंडी केसिंगला, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या नळीला, एक जाड वायर बांधून ती घराच्या अर्थिंगला जोडली. मुंग्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. ऊन जसं वाढत गेलं तशा त्या परत वाढल्या. आणि एक नवंच सुरू झालं. दुपार झाली की मशीन आपोआप बंद पडायचं. सोनियाचा काढलेला नकाशा जायचा, ती रडकुंडीला यायची आणि नानासो पुन्हा डबा उघडून बसायचा. जेवणावरचं लक्ष उडालं त्याचं. मला म्हणाला, "ह्यो डबा माझ्या लेकीला खायाला आलाय बघ."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खांबावरून घरात दोन वायरी येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. वादळात न्यूट्रल तुटली तर लोक लाइनमनची वाट बघत बसत नाहीत. तिच्या जागी अर्थिंगची वायर जोडतात आणि दिवे लावतात. येणारा करंट घरातून फिरून सरळ जमिनीत जातो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की दिवे मंदावतात. मग बाया अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात, मीठ टाकतात, की उजेड परत वाढतो. चुलीत जळण सारावं इतक्या सहज. आमच्या कोरड्या मुलखात यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी मशीन बंद पडल्यावर नानासोनं डब्याची पिनच भिंतीतून काढली आणि टेस्टर सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात घातला. तिथं कधीच काही दिसायला नको. टेस्टर पेटला. मंद, पण पेटला. दोष डब्यात नव्हताच, तो बाहेरून घरात येत होता. वायर धरून तो बोळात गेला. खड्ड्याभोवतीची माती ओली होती आणि पाइपवर दोन वायरी आवळलेल्या होत्या, एक त्याची आणि एक भाऊसोची.

मी तेव्हा दुपारपुरतं दुकान बंद करून आलेलोच होतो. नानासोनं भाऊसोला बाहेर बोलावलं.

"कवापासनं अर्थिंगवर चालवतोयस?"

"न्यूट्रल तुटल्यापासनं, दादा. गेल्या वळवात तुटली. काय झालं?"

"तुझा सगळा करंट ह्या पायपात उतरतोय आन माझ्या घरात फिरतोय. आत्ताच्या आत्ता काढ ती वायर. माणूस मरंल."

भाऊसो हसला. "सगळी वस्ती हेच करती. कोण मेलंय आजवर? आन कुलर बंद करू व्हय ह्या उन्हात? आईचा जीव कासावीस हुतो. उद्या सक्काळी लाइनमनला आणतो, देवाशप्पथ."

नानासो पुष्कळ बोलला, रागावला. भाऊसो "उद्या" म्हणत घरात गेला. मग नानासोनं पक्कड आणली आणि पाइपवरची आपली वायर तोडली. माझ्या घरात तरी तुझा करंट नको, असं पुटपुटला. घरात येऊन टेस्टर लावला. अंधार. डब्याला उलटा हात लावला, काही नाही. सोनियानं मशीन सुरू केलं आणि ते सुरूच राहिलं. कित्येक दिवसांनी त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. त्यानं स्वतः चहा टाकला. बशीत ओतून आम्ही पीत होतो, सोनिया नकाशा काढत होती, आणि मला मनापासून बरं वाटत होतं.

बोळापलीकडून भाऊसोचा आवाज आला. "आई, कुलर लय हळू झालाय गं."

"पाणी वतते की," बयाकाकी म्हणाली.

मी ते ऐकलं आणि चहाचा घोट घेतला. नानासोची बशी हातातून सुटली. तो दारातून ओरडतच पळाला, "काकी, हात लावू नगंस." पाठोपाठ कळशी आपटल्याचा आवाज झाला. मी पोचलो तेव्हा काकी खड्ड्याशेजारी आडवी होती, एक हात पाइपला चिकटलेला. नानासोनं लाकडी दांडक्यानं भाऊसोची वायर झोडपून काढली, काकीच्या छातीवर दाब दिले, तोंडात वारा फुंकला. भाऊसो नुसता उभा होता. वडूजला नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

त्या पाइपला काकीनं आजवर कितीदा हात लावला असेल. फार तर मुंग्या यायच्या आणि ती हात झटकायची. मग आजच काय झालं, असं सगळे विचारत होते. कुणी म्हणे वय, कुणी म्हणे वेळ आली होती. वीजमंडळाच्या ऑफिसातून आलेल्या माणसानं पाहणी केली आणि भाऊसोच्या वायरीकडे बोट दाखवलं.

दहाव्याला नदीवरून परतताना भाऊसो नानासोच्या गळ्यात पडला. "दादा, तू सांगितलं हुतंस. म्याच उद्यावर ढकललं."

"भाऊसो, ऐक. म्या माझी वायर तोडली म्हणून झालं ते."

"तू तुझी वायर काढलीस. त्यात तुझं काय चुकलं?" भाऊसो म्हणाला आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मला तेव्हा कळलं नव्हतं. संध्याकाळी नानासोनं मला बोळात नेलं, धुळीत बोटानं रेघा ओढल्या आणि समजावलं. त्याची वायर एका टोकाला पाइपला होती आणि दुसऱ्या टोकाला बोअरच्या केसिंगला, खोल ओलाव्यापर्यंत गेलेली. भाऊसोचा बहुतेक करंट तिच्यातूनच खाली निघून जात होता, पाइपवर उरायच्या त्या फक्त मुंग्या. वायर तोडली तशी करंटची वाट बंद झाली. तो सगळा त्या वरून ओल्या पण खाली कोरड्या मातीतल्या पाइपात साठून राहिला. कुलर हळू झाला तोही त्याचमुळे. आणि कुलर हळू झाला म्हणून काकी पाणी घेऊन आली.

"येकच गोष्ट बदलली म्या," तो म्हणाला. "बाकी सगळं हुतं तसंच ठिवलं." घरात सोनियाचं मशीन चालू होतं, पंख्याची बारीक घरघर बोळापर्यंत येत होती.

"कळलं का तुला?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग येकदा तोंडानं म्हण, तिला कुणी मारलं ते. वस्तीत दुसरं कुणी म्हणंना."

मला ते म्हणता आलं नाही आणि नाही असंही म्हणता आलं नाही. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि पायानं त्या रेघा पुसून टाकल्या.