राजाची एक उडी

आमचे आप्पा पहिल्या खेळीत प्यादे कधीच दोन घरे पुढे टाकत नसत. विलायती नियमांत तशी मुभा होती. पण त्यांचा हात देशी बुद्धिबळावर वाढलेला, आणि त्यात प्यादे एकेकच घर चालते. "पळत येणाऱ्याला उभं ऱ्हाऊन अडवावं," असे ते म्हणत.

शहापुरात त्यांचे साड्यांचे माग होते. मी गुंजीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यातला पहिलाच कॉलेजात आलेला, त्यांच्या माडीवर राहत असे. त्यांच्याविषयी मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

त्या वर्षी खडेबाजारात विलायती नियमांनी सामने झाले. जिंकणारा सांगलीला खेळायला जाणार होता. सांगलीत एकदा पटावर बसायचे, ही आप्पांची तरुणपणापासूनची इच्छा. शेवटचा डाव टिळकवाडीच्या एका वकिलांशी पडला. वकिलांनी राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले, आप्पांनी आपले एकच.

"अरे वा, फ्रेंच बचाव," वकील म्हणाले.

"फ्रेंच व्हय ह्यो? म्हंजे तिकडंबी शहापूरकर हाईत म्हणायचं."

वकीलही हसले. दुपार कलेपर्यंत त्यांचा एक उंट गेला होता आणि डाव आप्पांकडे झुकला होता. तेवढ्यात वकिलांचा वजीर राजाच्या रोखाने आला; शह अजून बसला नव्हता. एक प्यादे सरकवले असते तरी भागले असते. पण आप्पांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरांवर नेला. देशी खेळात शह बसण्यापूर्वी राजाला अशी एक उडी असते, विलायतीत नसते. हात अधांतरीच थांबला.

"ठेवा मागे, आप्पा. सवयीनं झालं. माझी हरकत नाही," वकील म्हणाले.

"तुमची नसंल. पर हात लागला की मोहरा हलवायचा, ह्यो नेम दोन्हीकडं हाय."

राजाला सरकायला एकच घर होते, आणि तिथे मरण होते. आप्पांनी ते पाहिले आणि राजा तिथेच ठेवला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. थोड्याच खेळ्यांत मात झाली.

"जन्मभर ह्या हाताला उडी शिकवली," वाटेत ते म्हणाले. "एका दिसात कसा इसरंल त्यो?"

वकील सांगलीला निघाले, तेव्हा स्टेशनवर दशम्या पोचवायला आप्पाच गेले.

बी.ए. झाल्यावर पुण्याला शिकायला जायचे माझ्या मनात होते, पण धीर होत नव्हता. आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी म्हटले, "तुम्हाला बरं वाटलं, की मग जाईन."

ते कुशीवर वळले. "उडी एकदाच असती, रं. शह बसल्यावर मिळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. आप्पा मला पुन्हा दिसले नाहीत.