बगीचा नसताना घेतलेला इसार

कापूस-सोयाबीनच्या भावावर कोणाचा भरवसा उरला नव्हता, त्या वर्षांत आमच्याकडची शिकलीसवरली माणसं मोबाईलवर शेअर बाजारातले ऑप्शनचे सौदे करू लागली. मी अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि मधल्या सुट्टीत मीही त्याच नादात असे. अमरावतीच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी आमच्यासारख्यांचा ग्रुप काढला होता. सगळे त्यांना सर म्हणत. दहातले नऊ दिवस जिंकून देणारी पद्धत आपल्याला सापडली आहे, असं ते सांगत आणि रोज बाजार बंद झाला की हिरव्या आकड्यांचा फोटो टाकत. खाली आम्ही हात जोडत असू. लवकरच ते फी घेऊन क्लास सुरू करणार होते. यादीत पहिलं नाव माझं होतं.

एका दुपारी वरूडच्या एका सदस्याने लिहिलं, "सर, दहावा दिवस कसा जाते? त्याचा फोटो काहून नाही टाकत?"

ग्रुपवर गदारोळ झाला. "भाऊ, आधी शिका, मग बोला," असं लिहून मी वर संभाव्यतेचं एक सूत्रही घातलं.

उत्तर आलं, "सूत्र बरोबर हाये. पण हरलो त किती जाते, ते त्यात कुठी हाये?"

सर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "महिनाभर रोज बाजार उघडायच्या आधी मी सौदा इथे लिहितो. पैसे लावायचे नाहीत, नुसतं कागदावर. सगळ्यांनी पाहा." नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले तीन आठवडे सरांचेच होते. खुशीत येऊन त्यांनी रविवारी सगळ्यांना घरी चहाला बोलावलं. आम्ही दहा-बारा जण जमलो. वरूडचे 'भाऊ' आले, तर त्या पन्नाशीच्या एक बाई निघाल्या, हातात संत्र्यांची पिशवी. मी मुकाट्याने उठून त्यांना खुर्ची दिली.

चहा घेत त्या सरांना म्हणाल्या, "आमचा संत्र्याचा बगीचा हाये. फळ झाडावर असतानाच व्यापारी इसार देऊन भाव ठरवते. भाव पडला त तो येत नाही, इसार आमचा. भाव चढला त ठरल्या भावात माल द्या लागते. तुमी ऑप्शन विकून रोज असेच इसार घेऊन राहिले, सर. म्हणून रोज जिंकता. पण माह्यापाशी बगीचा तरी हाये, मी तोडून देईन. तुमी माल कुठून आणसान?"

"बाजार इतका एकदम चढत नाही, ताई," सर म्हणाले.

मंगळवारी बाजार उघडला तोच उसळून, आणि चढतच गेला. दुपारपर्यंत तीन आठवड्यांची कागदावरची कमाई साफ झाली, वर तेवढाच खड्डा पडला. मी नोंद लिहून दोनदा खोडली. तेवढ्यात सरांनीच लाल आकड्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "ताईंचं बरोबर होतं. क्लास होणार नाही."

"कागदावर झालं, बरं झालं," ताईंनी उत्तर दिलं.

मला शरम वाटली आणि हायसंही वाटलं. अर्धा ग्रुप दुसऱ्या कोण्या गुरूकडे गेला. राहिलेले आम्ही महिन्यातून एका रविवारी सरांकडे जमतो आणि मनसोक्त भांडतो. मी सौदे सोडले, तरी तिथे जायचं सोडलं नाही. मागच्या खेपेला ताईंनी सरांच्या नव्या पद्धतीची अर्धा तास चिरफाड केली. सर वहीत लिहून घेत होते, आणि मधूनच म्हणत होते, "थांबा ताई, हे पुन्हा सांगा."