रहाटाला तेल

आमच्या संग्रहालयात नवं शिल्प येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून मला जेवण जात नाही. शिल्पांच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांना कुणी हात लावत नाही ना ते बघायचं, ही माझी अकरा वर्षांची नोकरी. तरी अजून तसंच होतं. मुंबईतलं हे समकालीन कलेचं संग्रहालय तसं लहानच. लोकांना वाटतं, पैसे टाकले, शिल्पं आणली, मांडली. कुठलं! एखादं विकत घेतलेलं, एखादं घरात जागा अडते म्हणून कलावंताच्या मुलांनी देऊन टाकलेलं, एखादं सहा महिन्यांसाठी मागून आणलेलं आणि मग इतकं रुळलेलं की परत पाठवायला जीव होईना. नवं आलं की जुन्यांची जागा हलते. कोपऱ्यात वर्षानुवर्षं गप्प उभी असलेली पितळेची बाई खिडकीपाशी सरकते आणि आपल्याला ती पहिल्यांदाच नीट दिसते. हे बघायला मिळतं म्हणून तर मी रोज वटार गावाहून इतक्या लांब येते.

निवड करते ती समिती. चार माणसं, त्यांतली दोन तरी उंटावरची शहाणी. त्यांचे प्रश्न ठरलेले. याने आपल्या संग्रहात काय भर पडेल, आणि आपल्याला ते सांभाळता येईल का? एखादा प्रस्ताव तीनदा फेटाळला की कायमचा बंद.

माझा एक प्रस्ताव दोनदा परत आला होता. शाळेत मला चित्रकला शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्यावर गिरीजच्या आपल्या वाडीत शिल्पं करू लागल्या. विहिरीवर पंप आल्यापासून त्यांचा जुना रहाट निकामी पडून होता, सरपणात जायच्या बेतात. बाईंनी त्याची लाकडं आणि मातीची गाडगी जमवून केळीच्या बागेत माणसाहून उंच शिल्प उभं केलं. पाणी वर आणणारी गाडगी आता आभाळाकडे तोंड करून उभी होती. मे महिन्यात ते मी पाहिलं आणि वेडीच झाले. 'उन्हापावसाने राखाडी झालेलं लाकूड, वर कसलाही लेप नाही, हेच याचं वैशिष्ट्य,' असं मी ठासून लिहिलं.

समिती पहिल्यांदा म्हणाली, ही तर शेतीची अवजारं. दुसऱ्यांदा म्हणाली, फोटोवरून कळत नाही. "मग या ना बघायला!" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. आणि नवल म्हणजे ते तयार झाले.

पावसाळा सरल्यावर आम्ही सकाळी वाडीत पोचलो. शिल्प पाहिलं आणि हातातला प्रस्ताव मी पाठीमागे लपवला. राखाडी कुठलं, ते काळंभोर चकाकत होतं! सगळ्या बागेत खोबरेलाचा वास. शेजारी बाई उभ्या, आणि त्यांच्या जाऊबाई कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या. या जाऊबाईंना मी काकू म्हणते. माहेर चांदीपचं, बोलणं रोखठोक.

"हे कुणी केलं?" समितीतले लाकडाचे जाणकार कडाडले.

"मीच. दुसरं कोन करनार?" काकू म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून मीच लावते. पाऊस सरला की रहाटाला तेल, मग पानी. ताईनं त्याला असा उभा केला म्हनून काय त्याला तडे जाऊ द्यायचे?"

म्हणजे दरवर्षी! मी मेमध्ये पाहिला तो सात-आठ महिन्यांच्या उन्हावाऱ्याने सुकलेला रहाट होता. दरवर्षी तो काळा होत होता आणि हळूहळू राखाडी पडत होता. आणि मी दीडशहाणी लिहून बसले, कसलाही लेप नाही! लाजेने मेल्यासारखं झालं. पण त्याच वेळी आनंद पोटात मावेना, कारण असं बदलत राहणारं शिल्प आमच्याकडे एकही नव्हतं. मी तसं बोलून टाकलं, माझ्या चुकीसकट.

बाईंनी हसत जाऊबाईंकडे पाहिलं. मग काकूंनीच विचारलं, "न्याल तर न्या. पन तुमच्याकडं तेल कोन लावनार?"

समितीचाच प्रश्न समितीला! अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही याल?"

"येईन की. रहाट माझा हाय."

त्या आठवड्यात होकार आला. मी कचेरीतच किंचाळले.

यंदा पावसाळा सरल्यावर काकू बाटली घेऊन संग्रहालयात आल्या. 'हात लावू नये' या पाटीपाशी पहारेकरी धावत आला, त्याला मी थोपवलं. काकूंनी खालची गाडगी संपवली, वरच्या लाकडाकडे पाहिलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. "गुडघे गेले माझे. पुढल्या साली जमंल न जमंल. शिकून घे."

मी लगबगीने पुढे झाले. सवयीने पांढरे हातमोजे चढवलेले होते.

"ते काढ आधी," काकू म्हणाल्या. "लाकूड कुठं तहानलंय ते हाताला कळायला हवं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या संग्रहातल्या शिल्पाला उघड्या हाताने शिवले. नुसती बोटांची टोकं जेमतेम टेकवली. काकू मागून म्हणाल्या, "घाबरतेस काय? चोळ."