दोन भावांत एक विहीर

गंगाधरमामा गेल्याचं आमच्या बॅचच्या ग्रुपवर कळलं. दुपारची वेळ होती. मी लातूरच्या हॉस्पिटलात एका स्कॅनचा रिपोर्ट लिहीत होते. कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला होता, डिसेक्शन हॉलच्या दारातला, निळ्या ॲप्रनमधला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी काहीच टाकलं नाही. मला मामांना एक गोष्ट सांगायची होती, सात वर्षं सांगायची होती. ती आता कुणाला सांगायची, एवढंच त्या वेळी मनात आलं... त्याला आता सव्वा महिना झाला.

देहदान केलेल्या माणसांच्या शरीरावर पहिल्या वर्षाची मुलं शिकतात, तो हॉल सांभाळणारा माणूस सगळ्या बॅचचा मामा असतो. आमचे मामा हिमायतनगरकडचे, शेतकरी घरातले, सातवीपर्यंत शिकलेले. नांदेडला आमच्या कॉलेजात त्यांची हयात गेली. सरांचं शिकवून झालं की आम्हाला न कळलेलं ते हळूच बोटानं दाखवत. संध्याकाळी हॉल बंद करताना टेबलांवरची चादर नीट ओढून घेत आणि टेबलांकडे बघून ‘येतो’ म्हणत. मुलं हसायची, मामा, ते काही बोलतात का म्हणून विचारायची. त्यावर मामा म्हणायचे, ते बोलले तर पहिले तुम्हीच पळाल. मी लातूरहून, इंग्रजी शाळेतून आलेली, चारचौघांत शब्द न फुटणारी. माझ्याकडे बघून ते एकदा म्हणाले होते, “लातूरच्या बाईंचं तोंड टाके घालून शिवलंय काय कुनी?”

मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या मधल्या फटीत, पुढून वर जाणाऱ्या दोन बारीक रक्तवाहिन्या असतात. उजवी उजव्या बाजूला रक्त देते, डावी डाव्या. पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात त्या जोडीनं असतात. परीक्षेसाठी एक मेंदू साफ करून ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. चिमट्यानं वरचा पातळ पडदा काढत गेले, तर फटीत एकच रक्तवाहिनी. दुसरी माझ्याच हातून तुटली, अशी माझी खात्री झाली. कचऱ्याच्या ट्रेमध्ये शोधली, सापडली नाही. मग जे केलं ते आज पहिल्यांदाच लिहिते आहे. ट्रेमधला दुसऱ्याच कुठल्या रक्तवाहिनीचा तुकडा घेतला, बारीक दोऱ्यानं बुंध्याशी बांधला, फटीत बसवला आणि दोन्हींना नेहमीचा लाल रंग दिला. चित्रासारखं झालं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी चिमट्यानं ती बांधलेली रक्तवाहिनी उचलून पाहिली आणि ती दोऱ्यासकट त्यांच्या हातात आली. हॉलमध्ये आम्ही चाळीसजण होतो. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. मी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं... पण मामा आधी बोलले. “साहेब, तयारी माझ्याकडं असती. माझ्याच हातानं झालं.” त्यानंतर सर त्यांना जे बोलले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. अडाणी माणसानं शास्त्रात हात घालू नये, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं. मामा खाली बघून उभे होते. मी माझ्या जागेवर होते.

सर गेल्यावर मामांनी तो मेंदू धुतला, रंग पुसला आणि आम्हाला जवळ बोलावलं. “काही तुटलं न्हवतं. ह्या मानसाला एकच होती. लई कमी जनांत असती, मी तीनदा पाहिली. दोन भावांत एक हीर असती ना, तसं. बुजवली की दोघांचीबी वावरं गेली.” मग म्हणाले, “जे हाय ते दाखवावं. पुस्तकासारखं न्हाई म्हनून लपवू न्हाई.” हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते का? मी मान वर केली नव्हती, त्यामुळे मला माहीत नाही.

पुढे मी स्कॅन वाचण्याच्या शाखेत आले. गेल्या हिवाळ्यात औशाची एक बाई आली. दोन लहान मुली, डोकं फुटेल असं दुखणं. मेंदूतल्या त्याच मधल्या फटीतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, ऑपरेशन ठरलं होतं. अशा वेळी फुग्याला चाप लावेपर्यंत सर्जन कधीकधी त्या रक्तवाहिनीचा प्रवाह काही मिनिटं अडवतात. शेजारी दुसरी असल्यानं एक बाजू तरी सांभाळली जाते. मी पडद्यावर चित्र फिरवत राहिले आणि मला दुसरी सापडेना. ‘डावी स्पष्ट दिसत नाही’ असं लिहून सुटता आलं असतं. पण पाठ केलेल्या कुठल्याही धड्याआधी मला ती विहीर आठवली. पाय हलवणारा मेंदूचा भाग याच रक्तावर जगतो; तिथे जास्त वेळ प्रवाह अडवला तर बाईचे दोन्ही पाय लुळे पडू शकत होते. मी जिना चढून सर्जनच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “सर, दुसरी नाहीच आहे. एकच आहे.” त्यांनी स्कॅन पुन्हा उघडून बराच वेळ पाहिला. मग ऑपरेशनची आखणी बदलली. माझ्यामुळे झालं असं म्हणणार नाही, त्यांनाही दिसलंच असतं कदाचित. पण ती बाई आपल्या पायांनी घरी गेली.

त्याच आठवड्यात मी मामांना फोन लावला. दोन्ही गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या, ही आणि ती. मामांना ऐकू कमी येत होतं. दोनदा नाव सांगावं लागलं. मग ते खूश झाले, “लातूरच्या बाई! काय करून राहिल्या?” मी म्हणाले, काही नाही मामा, सहज केला फोन. या की गावाकडं, म्हणाले. मी येते म्हणाले. गेले नाही.

गेले ती ते गेल्यानंतर. हिमायतनगरच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत घर गाठलं. मामी एकट्याच होत्या, सुपात तूर पाखडत बसलेल्या. मी कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. दोरा, लाल रंग, चाळीसजण, सरांचे शब्द, माझं गप्प राहणं. शेवटी ती औशाची बाई. मधे कुठेही थांबले नाही, थांबले असते तर उठून आले असते. मामा काही बोलले होते का माझ्याबद्दल, असंही विचारलं. मामींनी सूप खाली ठेवलं.

“न्हाई माय. कुनाचं नाव न्हाई काढलं कधी.” खाली ठेवलेल्या सुपातली तूर त्यांनी हातानं सारखी केली. “पर ते आठवतंय मला. त्या सांजेला आले अन् ताटावरून उठले. दोन दिस जेवले न्हाईत, बोलले न्हाईत. मी इचारलं तर काही न्हाई म्हनले. आदल्या दिशी मी न इचारता भावाकडं जाऊन आले होते. मला वाटलं, त्याचाच राग धरला...”

पुढचं त्यांनी पदर तोंडाला लावून म्हटलं. “इतकी वर्सं मला वाटून राहिलं, माझंच चुकलं.”

मी चाळीसजणांसमोर गप्प राहिले होते, ते मामांनी सोसलं असं मी समजत होते. या घरात आणखी एक माणूस ते सोसत होतं, हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरता आला नाही. त्यांनीच थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात ठेवला. आत जाऊन ताट वाढून आणलं, भाकरी आणि वरण. त्या समोर बसून बघत होत्या, म्हणून मी शेवटच्या तुकड्यापर्यंत जेवले.