पिवळ्या पत्रकाची शेवटची ओळ

तुमच्या घरी फळांच्या साली कुठे जातात?

फ्लॅटमध्ये राहणारे म्हणतील, कचऱ्याच्या डब्यात. आमच्या काकीकडे त्या बकरीकडे जायच्या. केळ्याची असो, पपईची असो, ओट्याखालच्या बादलीत साल पडायची आणि संध्याकाळी बादली बकरीच्या पाटीत रिकामी व्हायची. ही पद्धत मला इतकी योग्य वाटत होती की मी ती छापून टाकली.

मी पत्रकांत वाढले. फुलपाड्यातल्या आमच्या घरी वडील पाण्यासाठी, रस्त्यासाठी, शाळेच्या फीसाठी पत्रकं काढायचे आणि जेवणं झाली की आम्ही सगळे जमिनीवर बसून घड्या घालायचो. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. वडिलांचा एकच नियम होता: खाली स्वतःचं नाव टाकायचं, म्हणजे चूक निघाली तर कुणाचं दार वाजवायचं ते लोकांना कळतं. तो नियम मला शूरपणाचा वाटायचा. माझं दार तोवर कुणी वाजवलं नव्हतं.

गेल्या वर्षी मी अवोकाडोवर पत्रक काढलं. त्यामागे राग होता. माणिकपूरला फळवाल्यांकडे हे फळ दिसायला लागलं होतं, पण ते घेणारे वेगळे आणि लांबून बघून पुढे जाणारे वेगळे. चांगलं खाणं हे काही थोड्या लोकांचं गुपित नाही, अशी माझी पहिलीच ओळ होती. मग घरातल्या प्रत्येकासाठी लिहिलं. सहा महिने उलटलेल्या बाळाला कुस्करून चमचाभर, शाळेतल्या मुलाला पोळीवर लोण्याऐवजी, मोठ्यांना कांदा-मिरची आणि लिंबू घालून, दात गेलेल्यांना मऊ भातात कालवून. एका फळाचे चार वाटे करा, परवडत नसेल तर आपले शेंगदाणे आहेतच, आजारी माणसासाठी आधी डॉक्टरांना विचारा, हेही लिहिलं. हे सगळं मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडून तपासून घेतलं होतं.

नंतर कागदाच्या तळाशी जागा उरली. रिकामी जागा मला बघवत नाही. मी लिहिलं, ‘काहीही वाया घालवू नका. साली आणि बिया गुरांना, कोंबड्यांना घाला.’ ही ओळ मी कुणालाच दाखवली नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं वाटलं.

काकी राजोडीला राहते. काका गेल्यापासून वाडीत ती एकटी आणि तिची बकरी. बकरी तेव्हा नुकतीच व्याली होती, दोन करडं होती. माझ्या पत्रकासाठी काकीने अंगणात पंधराएक बायका जमवल्या आणि मी टोपलीभर फळं कापून सगळ्यांना चाखायला दिली. कोळीवाड्यातून आलेल्या एका मावशीने चमचा तोंडात घातला, गर जरा वेळ घोळवला.

“लोन्यासारखं हाय गो, पन लोनी कुठंय यात?”

बायका हसल्या. मीही हसले आणि तिच्या हातात पत्रक ठेवलं. सुनेला देते, वाचायला वेळ तिलाच आहे, असं म्हणून तिने ते कमरेला खोचलं. जाताना काही बायकांनी एकेक फळ घरी नेलं, तिनेही नेलं.

संध्याकाळी बादली काठोकाठ भरली होती. काकी भांडी घासता घासता उठायला लागली, तेव्हा तू बस म्हणून मीच ती साली-बियांची बादली पाटीत ओतली. बकरीने पाटीतून तोंड वर काढलं नाही. ते बघून मला किती बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीचा फोन आला. बकरी करडांना जवळ घेत नाही, लाथा मारते, एवढंच तिने सांगितलं. रिक्षा बदलत मी पोचले तेव्हा गुरांचे डॉक्टर आलेले होते. बकरीची कास दगडासारखी घट्ट झाली होती, लाल आणि गरम. डॉक्टरांनी सड दाबला तर दुधाऐवजी पाण्यासारखं काहीतरी आलं आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या. बकरीला धाप लागली होती. करडं भिंतीपाशी भुकेने ओरडत होती.

काल काय खाल्लं, त्यांनी विचारलं. काकीने पाला सांगितला, भुसा सांगितला, मग फळांच्या साली.

“कसल्या साली?”

ते मला सांगावं लागलं. त्यांचा हात थांबला.

“बियांसकट? कुणी सांगितलं घालायला?”

“छापलेलं आहे, डॉक्टर,” काकी म्हणाली. भाताच्या शितांनी दारावर चिकटवलेलं पिवळं पत्रक तिने बोटाने दाखवलं. “आमच्या मुलीनं लिहिलंय. खाली नाव आहे बघा.”

तिला मला पकडून द्यायचं नव्हतं. ती अभिमानाने सांगत होती. स्वतःचं नाव मी शंभर वेळा छापलेलं पाहिलंय, पण त्या दिवशी मला ते वाचवेना.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सावकाश समजावलं. माणसाला हे फळ चांगलं, पण त्याच्या पानांत, सालीत, बीमध्ये, अगदी गरातसुद्धा असं काही असतं जे शेळ्या, गुरं, ससे आणि पाखरांना सोसत नाही. दुभत्या जनावराची कास सुजते, दूध आटतं. जास्त गेलं तर हृदयावर येतं.

“जगेल का?” काकीने विचारलं.

“उद्यापर्यंत बघू.”

इंजेक्शनं दिली गेली. मी बाटलीने करडांना गाईचं दूध पाजत बसले. दुपारी काकी म्हणाली, “माझी एक बकरी. तुझं पत्रक किती घरांत गेलंय?”

मी मोजलं नव्हतं. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर गठ्ठे ठेवले होते, फुलपाड्यात दारोदार टाकले होते. मी पेन घेऊन बाहेर पडले. आधी कोळीवाड्यातल्या मावशीकडे, कारण तिच्याकडे कोंबड्या होत्या. ती मासे साफ करत बसली होती. मी धापा टाकत विचारलं.

“सालं? ती पुरली माडाच्या मुळाशी. तुझा कागद कोन वाचतंय?”

कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. मी पायरीवरच बसले. पत्रक न वाचणाऱ्यांवर मी जन्मभर चिडत आले होते आणि त्या दिवशी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

बकरी वाचली. त्या वेताचं दूध मात्र परत आलं नाही. करडं बाटलीवर मोठी झाली, जराशी खुरटी. काकी आजही अवोकाडो मिरची घालून खाते, फळाचा दोष नाही म्हणते. दारावरच्या पत्रकाची शेवटची ओळ तिने मला समोर उभं करून खोडायला लावली. नाव खोडू दिलं नाही.

जेवढी घरं आठवली तेवढ्या घरी मी जाऊन आले. सगळी आठवली नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते. ते पिवळं पत्रक तुमच्या घरी असेल तर त्याची शेवटची ओळ आता खोडा. नसेल तरी हे फळ कापल्यावर साली आणि बिया कोंबड्या उकरणार नाहीत इतक्या खोल पुरा. आणि शेजारी कुणाकडे बकरी, कोंबड्या किंवा पिंजऱ्यात पोपट असेल, तर आजच त्यांच्या दारात जाऊन हे तोंडाने सांगा.